मातीला शास्त्र देणारा माणूस : वासिली दोकुचायेव

ग्रहताऱ्यांच्या गतीचे गणित माणसाने हजारो वर्षांपूर्वी मांडले. समुद्रांचे व पर्वतांचे नकाशेही त्याने काही शतकांपूर्वी काढले. परंतु ज्या मातीवर तो उभा होता आणि जिच्यातून त्याचे अन्न येत होते, त्या मातीचे स्वतंत्र शास्त्र मात्र जेमतेम दीडशे वर्षांचे आहे. एकोणिसाव्या शतकात भूवैज्ञानिकांच्या लेखी माती म्हणजे झिजलेल्या खडकाचा भुगा होता. रसायनशास्त्रज्ञांच्या लेखी ती पिकांना लागणाऱ्या क्षारांची कोठी होती. सरकारी अंमलदारांच्या लेखी तिचा संबंध केवळ शेतसाऱ्याशी होता. माती ही स्वतःच एक निसर्गवस्तू आहे, तिला जन्म आहे, वाढ आहे, वय आहे, आणि ती कोठे कशी असेल याला काही नियम आहेत, हे प्रथम सिद्ध करून दाखविले ते वासिली वासिलियेविच दोकुचायेव या रशियन शास्त्रज्ञाने.

आज या नावाची आठवण करण्यास आणखी एक कारण आहे. गेल्या काही दशकांत मातीचे नकाशे संगणकावर तयार होऊ लागले आहेत. उपग्रहांची छायाचित्रे, उंचसखलपणाची मोजमापे, पावसाची व तापमानाची आकडेवारी आणि प्रत्यक्ष खणून तपासलेल्या मातीचे नमुने ही सर्व माहिती भौगोलिक माहिती प्रणालीत, म्हणजे जीआयएसमध्ये, एकावर एक रचून जेथे कोणी कधी खणलेले नाही तेथील माती कशी असेल याचा अंदाज बांधला जातो. यालाच अंकीय मृदा नकाशाकरण म्हणतात. तंत्र अगदी नवे आहे. परंतु न पाहिलेल्या ठिकाणच्या मातीविषयी काही सांगता येते, हा ज्या विश्वासावर सारा डोलारा उभा आहे, तो विश्वास संगणकाने दिलेला नाही. तो दोकुचायेव यांच्या पायपिटीतून आलेला आहे.

दोकुचायेव यांचा जन्म १ मार्च १८४६ रोजी रशियातील स्मोलेन्स्क प्रांतातल्या मिल्युकोवो या खेड्यात झाला. वडील गावच्या चर्चचे धर्मगुरू होते. घरची परिस्थिती बेताचीच. त्या काळच्या रीतीप्रमाणे धर्मगुरूच्या मुलाने धर्मगुरूच व्हावयाचे, त्यामुळे प्रथम व्याझ्मा येथील धार्मिक शाळा आणि नंतर स्मोलेन्स्कची सेमिनरी असे त्यांचे शिक्षण झाले. १८६७ साली पुढील धर्मशिक्षणासाठी त्यांना सेंट पीटर्सबर्गच्या धर्मविद्यापीठात पाठविण्यात आले. तेथे त्यांचे मन रमले नाही. काही आठवड्यांतच त्यांनी ती वाट सोडली आणि सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठाच्या भौतिकी-गणित शाखेत नाव घातले. निसर्गविज्ञानाचे विषय या शाखेतच शिकविले जात. ठरलेली चाकरी आणि तिच्याबरोबर येणारी निश्चिंती टाकून देऊन गरीब विद्यार्थ्याचे जिणे पत्करणे हा निर्णय सोपा नव्हता.

१८७१ साली ते पदवीधर झाले. पदवीसाठी त्यांनी निवडलेला विषय पाहण्यासारखा आहे. आपल्या गावाजवळून वाहणाऱ्या काच्ना या लहानशा नदीने साठविलेल्या गाळाचा त्यांनी अभ्यास केला होता. लहानपणी ज्या काठावर खेळलो, तो काठ शास्त्राचा विषय होऊ शकतो हे त्यांना तेव्हाच कळले होते. पुढल्याच वर्षी विद्यापीठाच्या भूवैज्ञानिक संग्रहाचे रक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. नद्यांच्या खोऱ्यांची घडण हा त्यांचा पहिला विषय, आणि १८७८ साली त्याच विषयावर त्यांनी मास्टरची पदवी मिळविली. मातीकडे ते वळले ते एका नकाशाच्या निमित्ताने.

युरोपीय रशियाचा मृदा नकाशा तयार करण्याचे काम त्या वेळी चास्लाव्स्की यांच्याकडे होते. दोकुचायेव त्यांना साहाय्य करीत. हा नकाशा तयार होत होता तो मुख्यतः पत्रव्यवहारातून. ठिकठिकाणच्या जमीनदारांना व अधिकाऱ्यांना प्रश्नावल्या पाठवावयाच्या, आणि आलेल्या उत्तरांवरून रंग भरावयाचे. चास्लाव्स्की १८७८ साली वारले. नकाशा १८७९ साली प्रसिद्ध झाला आणि त्याचे विवरण लिहिण्याचे काम दोकुचायेव यांच्याकडे आले. ते लिहिताना त्यांना या पद्धतीतील उणीव स्पष्ट दिसली. एका जिल्ह्यात ज्या मातीला काळी म्हणत, तिला दुसऱ्या जिल्ह्यात करडी म्हणत. ओली असताना काळीभोर दिसणारी माती वाळल्यावर फिकी पडते; उत्तर लिहिणाऱ्याने ती केव्हा पाहिली यावर तिचा रंग ठरावयाचा. शब्द सारखे आणि वस्तू निराळ्या, अशी स्थिती होती. ऐकीव माहितीवर काढलेला नकाशा कितीही सुबक असला तरी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, हा धडा त्यांनी येथे घेतला.

त्याच सुमारास रशियाच्या दक्षिणेकडील गवताळ मैदानांत, म्हणजे स्टेप प्रदेशात, दुष्काळ पडू लागले होते. १८७३ आणि १८७५ ही दोन्ही वर्षे कोरडी गेली. हा प्रदेश म्हणजे रशियाचे धान्याचे कोठार, आणि त्याचे वैभव म्हणजे तेथील काळी माती, चेर्नोझेम. जगातील अत्यंत सुपीक मातींपैकी ही एक. तरीही ही माती मुळात आली कोठून, याविषयी विद्वानांचे एकमत नव्हते. कोणी ती प्राचीन समुद्राने मागे ठेवलेला गाळ समजत, तर कोणी आटून गेलेल्या दलदलींचा अवशेष. जमिनीवरच्या वनस्पतींपासून ती झाली असे मत लोमोनोसोव्ह यांनी अठराव्या शतकात मांडले होते व रुप्रेख्त यांनी १८६६ साली त्याला पुष्टी दिली होती, परंतु हीच वनस्पती इतरत्रही असताना तेथे चेर्नोझेम का नाही, याचे समाधानकारक उत्तर कोणाजवळ नव्हते. फ्री इकॉनॉमिक सोसायटी या जुन्या संस्थेने १८७७ साली हे काम दोकुचायेव यांच्यावर सोपविले.

१८७७ आणि १८७८ या दोन वर्षांत त्यांनी चेर्नोझेमच्या पट्ट्यातून दहा हजार व्हर्स्टांहून अधिक प्रवास केला. एक व्हर्स्ट म्हणजे किलोमीटरहून किंचित जास्त. गाडीरस्ता असेल तेथे घोडागाडीने, नसेल तेथे पायी. ठिकठिकाणी घळींच्या कडा तासून, खड्डे खणून, वरच्या काळ्या थरापासून खालच्या मूळ खडकापर्यंत मातीचा उभा छेद त्यांनी पाहिला, मोजला, त्याचे नमुने घेतले. या छेदांत त्यांना एक क्रम दिसला. सर्वांत वर ह्यूमसने, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या अंशाने काळा झालेला थर. त्याखाली संक्रमणाचा थर. आणि सर्वांत खाली मूळ द्रव्य. या थरांना त्यांनी अ, ब, क अशा अर्थाची अक्षरे दिली. आज जगातील कोणत्याही देशात मृदाशास्त्राचा विद्यार्थी खड्ड्यात उतरतो तेव्हा याच अक्षरांपासून सुरुवात करतो.

या भटकंतीचे फळ म्हणजे १८८३ साली प्रसिद्ध झालेला 'रशियन चेर्नोझेम' हा ग्रंथ. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो त्यांनी डॉक्टरेटसाठी सादर केला. परीक्षकांत भूवैज्ञानिक इनोस्त्रान्त्सेव्ह होते आणि मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीमुळे विख्यात झालेले मेंडेलेयेव्हही होते. चेर्नोझेम हा समुद्राचा गाळ नाही व दलदलीचा अवशेषही नाही, तो स्टेपच्या गवताने, त्या विशिष्ट हवामानात, त्या विशिष्ट मूळ द्रव्यावर, दीर्घ काळात घडविला आहे, हे त्यांनी दाखवून दिले. मूळ खडक, हवामान, जीवसृष्टी, भूमीचा उंचसखलपणा आणि काळ, या पाच घटकांच्या एकत्रित कार्यातून माती निर्माण होते, हा सिद्धान्त पुढे मृदाशास्त्राचा पाया ठरला.

या ग्रंथातील एका नकाशाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. ठिकठिकाणच्या नमुन्यांत ह्यूमसचे शेकडा प्रमाण किती, हे प्रयोगशाळेत मोजून दोकुचायेव यांनी सारख्या प्रमाणाचे पट्टे आखले. वायव्येकडील थंड, ओलसर व अरण्याच्या बाजूला हे प्रमाण कमी होते. पट्ट्याच्या मध्यभागी ते वाढत जाऊन काही ठिकाणी १३ ते १६ टक्क्यांपर्यंत पोहोचत होते. आग्नेयेकडील कोरड्या प्रदेशाकडे ते पुन्हा उतरत होते. कारण उघड होते. उत्तरेला पाणी जास्त, त्यामुळे मातीतील द्रव्ये धुपून खाली जातात. दक्षिणेला पाणी कमी, त्यामुळे गवतच विरळ. मध्ये मात्र गवताची वाढ आणि त्याचे कुजणे यांचा मेळ ह्यूमस साठण्यास अनुकूल. हवामान हळूहळू बदलते तशी मातीही हळूहळू बदलते. मग दोन खड्ड्यांच्या मधल्या, न खणलेल्या जागेविषयीही अभ्यासकाला काही बोलता येते. ते बोलणे अंदाजाचे असते, पण त्या अंदाजाला कारण असते. संगणकावर आज जे केले जाते त्याचे बीज या पट्ट्यांत आहे.

सर्वांनी हे मत तत्काळ मान्य केले असे नाही. कोस्तिचेव्ह हे त्यांचे समकालीन कृषिशास्त्रज्ञ तितकेच व्यासंगी होते. मातीचा विचार पिकाच्या वाढीच्या अंगाने झाला पाहिजे असा त्यांचा आग्रह होता, आणि चेर्नोझेमच्या घडणीत गवताच्या मुळांचे कार्य त्यांनी बारकाईने तपासले. १८८६ साली त्यांचाही ग्रंथ निघाला. हवामानाला दोकुचायेव जेवढे महत्त्व देत तेवढे ते देत नसत. हा वाद कडवट झाला, तरी शास्त्राला तो उपकारकच ठरला. आजचे मृदाशास्त्र या दोघांचेही ऋण मानते.

यानंतरचे दोकुचायेव यांचे काम शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचे होते. निझ्नी नोव्हगोरोद प्रांताच्या झेम्स्त्वोने, म्हणजे स्थानिक स्वराज्य मंडळाने, जमिनीवरील कर न्याय्य रीतीने बसविता यावा म्हणून त्यांची मदत मागितली. १८८२ ते १८८६ या काळात त्यांनी आपल्या तरुण विद्यार्थ्यांना घेऊन हा प्रांत तालुक्यामागून तालुका पालथा घातला. प्रथम मातीचे नैसर्गिक वर्ग ठरवावयाचे, त्यांचे पृथक्करण करावयाचे, आणि मग त्या त्या वर्गाच्या जमिनीत प्रत्यक्ष येणाऱ्या पिकाशी ताळा पाहावयाचा, अशी त्यांची रीत होती. उत्तम चेर्नोझेमला १०० गुण मानून इतर मातींना उतरते गुण देण्यात आले. या पाहणीचा वृत्तान्त १४ खंडांत प्रसिद्ध झाला. पाठोपाठ १८८८ पासून पोल्ताव्हा प्रांताची पाहणी झाली. हा प्रांत आता युक्रेनमध्ये आहे. तिचे १६ खंड निघाले. दोन्ही प्रांतांत त्यांच्या प्रेरणेने निसर्गसंग्रहालयेही उभी राहिली.

आपल्याकडील वाचकांना येथे एक जुनी गोष्ट आठवेल. मुंबई इलाख्यात, ज्यात त्या वेळी बेळगाव व धारवाडही होते, १८३० नंतरच्या दशकांत गोल्डस्मिड व विंगेट यांनी जमिनीची प्रतबंदी केली होती. मातीचा पोत, रंग आणि खोली पाहून तिचे वर्ग पाडावयाचे व १६ आण्यांपासून उतरत तिची किंमत लावावयाची, अशी ती पद्धत. कामापुरती ती चोख होती. सर्व्हे नंबरापुरते उत्तर तिने दिले. परंतु येथे काळी का आणि तेथे तांबडी का, हा प्रश्न प्रतबंदीने विचारला नाही. तिला त्याची गरजही नव्हती. दोकुचायेव यांनी कर आकारणीचेच काम हाती घेतले, पण त्यातून हा का विचारण्याची सवय शास्त्राला लावली.

या पाहण्यांनी आणखी एक मोलाची गोष्ट केली, ती म्हणजे माणसे घडविली. सिबिर्त्सेव्ह, लेव्हिन्सन-लेसिंग, झेम्यातचेन्स्की ही मंडळी याच खड्ड्यांतून तयार झाली. पुढे जीवावरणाच्या अभ्यासामुळे जगप्रसिद्ध झालेले व्हेर्नाड्स्की हेही त्यांचेच शिष्य. मातीच्या जातींना नावे देताना दोकुचायेव यांनी ग्रीक-लॅटिनचा आधार शोधला नाही. चेर्नोझेम, पॉडझोल ही शेतकऱ्यांच्या तोंडची नावे त्यांनी उचलली आणि शास्त्राच्या भाषेत रूढ केली. आपल्या काळ्या मातीचे रेगूर हे नाव असेच तेलुगू बोलीतून भूगोलाच्या पुस्तकांत गेले आहे.

रेगूर आणि चेर्नोझेम यांची तुलना एकोणिसाव्या शतकात अनेकांनी केली. दोन्ही काळ्या, दोन्ही सुपीक. परंतु दोकुचायेव यांच्या पाच घटकांची कसोटी लावली की दोहोंतील भेद ध्यानात येतो. चेर्नोझेमचा काळेपणा विपुल ह्यूमसचा आहे. आपल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय अंश सामान्यतः एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. तिचे वैशिष्ट्य आहे ते पाण्याने फुगणाऱ्या व उन्हाळ्यात आकसून भेगा पडणाऱ्या चिकणमातीत. हवामान उष्ण, मूळ खडक बहुतेक ठिकाणी बेसाल्ट. घटक निराळे, म्हणून माती निराळी. खानापूरच्या पावसाळी रानातली तांबडी, जांभ्याची माती आणि अथणी-सौंदत्तीकडची काळी, कन्नड शेतकरी जिला एरे म्हणतो ती, या एकाच जिल्ह्यात सापडतात. पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे किती झपाट्याने कमी होतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला दोकुचायेव यांचा सिद्धान्त समजावयास दूर जावे लागणार नाही.

१८९१ साली रशियावर भीषण दुष्काळ कोसळला. त्यातून आलेली उपासमार व मागोमाग आलेली पटकी यांनी काही लाख माणसांचे बळी घेतले. सर्वांत जास्त होरपळला तो चेर्नोझेमचाच प्रदेश. जगातील उत्तम माती ज्यांच्या पायाखाली होती, तीच माणसे अन्नावाचून मेली. ज्याने आयुष्याची पंधरा वर्षे या मातीला दिली होती, त्याला हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. १८९२ साली दोकुचायेव यांनी 'आमचे स्टेप : पूर्वी आणि आता' हे पुस्तक लिहिले आणि त्याचे उत्पन्न दुष्काळग्रस्तांसाठी दिले. मातीतील कस संपलेला नाही, तिचे पाणी हरवले आहे, असे त्यांचे निदान होते. झाडी तोडली गेली, गवताळ राने सरसकट नांगरली गेली, घळी वाढत गेल्या, बर्फ वाऱ्याने उडून जाऊ लागले, आणि पावसाचे पाणी जमिनीत न मुरता वाहून जाऊ लागले. उपायही त्यांनी सांगितले. नद्यांना व घळींना आवर घालावयाचा, उंचवट्यांवर तळी बांधावयाची, शेतांच्या कडेने झाडांचे पट्टे लावावयाचे, आणि नांगरट, गवत, वन व पाणी यांचे प्रमाण त्या त्या ठिकाणच्या निसर्गाला धरून ठरवावयाचे.

त्याच वर्षी वनखात्याच्या विशेष मोहिमेचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. तीन जागा निवडण्यात आल्या. त्यांपैकी व्होरोनेझ प्रांतातील कामेन्नाया स्टेप ही सर्वांत प्रसिद्ध. तेथे लावलेले झाडांचे पट्टे आजही उभे आहेत, आणि तेथील कृषिसंशोधन संस्थेला दोकुचायेव यांचेच नाव आहे. आपल्याकडे पाणलोट क्षेत्र विकास म्हणून जे काम चालते, त्याची पुष्कळशी सूत्रे या कार्यक्रमात सापडतात.

याच सुमारास, १८९२ ते १८९५ या काळात, ते नोव्हो-अलेक्सांद्रिया येथील कृषी व वनविद्या संस्थेचे संचालक होते. हे गाव म्हणजे आजच्या पोलंडमधील पुवावी. तेथे १८९४ साली मृदाशास्त्राचे रशियातील पहिले स्वतंत्र अध्यासन स्थापन झाले आणि त्यावर त्यांचे शिष्य सिबिर्त्सेव्ह यांची नेमणूक झाली. दोकुचायेव स्वतः मात्र विद्यापीठात खनिजशास्त्राचेच प्राध्यापक राहिले. ज्या शास्त्राचे ते जनक, त्याचे अध्यासन त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठात त्यांना कधी लाभले नाही. स्वतंत्र मृदा संस्था काढावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. तीही त्यांच्या हयातीत निघाली नाही.

एवढ्या कामाचा भार शरीराला पेलला नाही. १८९५ साली त्यांना मज्जासंस्थेचा तीव्र आजार जडला. डोके असह्य दुखे, स्मरणशक्ती दगा देऊ लागली. थोडे बरे वाटते न वाटते तोच, १८९७ च्या आरंभी त्यांच्या पत्नी अॅना कर्करोगाने वारल्या. त्या शिक्षिका होत्या, आणि १८८० साली विवाह झाल्यापासून पतीच्या कामात समरस झाल्या होत्या. त्याच वर्षी दोकुचायेव यांनी विद्यापीठ सोडले.

या दुःखातून ते एकवार पुन्हा उठले, आणि आयुष्यातील अत्यंत मौलिक विचार त्यांनी याच काळात मांडला. विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना हवामानाबरोबर मातीचे पट्टे क्रमाने बदलतात, हे त्यांनी मैदानी प्रदेशात पाहिले होते. तसे असेल तर उंच पर्वतावर चढत जातानाही हवामान बदलते, म्हणून तेथे मातीचे पट्टे खालून वर त्याच क्रमाने आढळले पाहिजेत, असे भाकीत त्यांनी केले. मग ते कॉकेशस पर्वतात गेले आणि १८९८ पासूनच्या प्रवासांत ते पट्टे त्यांना प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. न पाहिलेल्या मातीविषयी आधी सांगणे आणि नंतर कुदळ घेऊन ते पडताळणे, ही शास्त्राची खरी परीक्षा होती व तीत ते उत्तीर्ण झाले. १८९९ साली निसर्गाच्या पट्ट्यांविषयीचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मृदाशास्त्राला वाहिलेले 'पोच्वोवेदेनिये' हे नियतकालिक सुरू झाले. १९०० साली युरोपीय रशियाचा नवा मृदा नकाशा, त्यांच्या मार्गदर्शनाखाली सिबिर्त्सेव्ह, तान्फिल्येव्ह व फेर्खमिन यांनी तयार केलेला, प्रसिद्ध झाला. पण त्याच वर्षी सिबिर्त्सेव्ह क्षयाने वारले. ज्याच्या हाती वारसा सोपवावयाचा तोच आधी गेला. दोकुचायेव यांचा आजार पुन्हा बळावला. अखेरची वर्षे त्यांनी आजारात व एकटेपणात काढली आणि ८ नोव्हेंबर १९०३ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पत्नीच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले.

रशियन भाषेच्या अडसरामुळे पश्चिमेला त्यांचे काम उशिरा कळले. त्यांच्या परंपरेतील ग्लिंका यांचे पुस्तक १९१४ साली जर्मन भाषेत निघाले. अमेरिकेच्या मृदा सर्वेक्षणाचे प्रमुख मार्बट यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले, ते १९२७ साली प्रसिद्ध झाले. १९४१ साली हान्स जेनी या शास्त्रज्ञाने पाच घटकांचा सिद्धान्त गणिती समीकरणाच्या रूपात मांडला. हेच जेनी पुढे रायचौधुरी यांच्यासमवेत भारतीय मातीतील नत्र व सेंद्रिय द्रव्यांच्या अभ्यासात गुंतले, आणि त्यांचा अहवाल १९६० साली निघाला.

१९६० नंतरच्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी पहिली भौगोलिक माहिती प्रणाली उभारली, तीही देशभरच्या जमिनींची मोजदाद करण्यासाठीच. पुढे २००३ साली मॅकब्रॅट्नी, मेंडोन्सा सान्तोस व मिनास्नी यांनी जेनींच्या पाच घटकांत आणखी दोन घटक मिळविले. एक, मातीविषयी आधीच उपलब्ध असलेली माहिती. आणि दुसरा, ते ठिकाण नकाशावर नेमके कोठे आहे. अंकीय मृदा नकाशाकरण आज या चौकटीत चालते. उंचीच्या आकड्यांवरून उतार व पाण्याची वाट कळते, उपग्रहावरून झाडोरा कळतो, हवामानाच्या नोंदींवरून पाऊस कळतो. आणि खणलेल्या ठिकाणी या घटकांचा मातीशी जो संबंध दिसतो, तो संगणक शिकून घेऊन न खणलेल्या ठिकाणी लावतो. शिवाय आपला अंदाज किती चुकू शकतो, हेही सांगतो. नेदरलँड्समधील आयएसआरआयसी या संस्थेने २०१७ साली साऱ्या जगाचा असा नकाशा २५० मीटरच्या चौकटींत प्रसिद्ध केला. त्यासाठी सुमारे दीड लाख ठिकाणच्या मातीच्या छेदांची माहिती वापरली होती. आपल्या देशात १९७६ साली नागपूर येथे स्थापन झालेली राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था हेच काम भारतीय मातीसाठी करते.

या साऱ्या यंत्रसामग्रीत एक गोष्ट मात्र बदललेली नाही. ते दीड लाख छेद कोणीतरी खणून पाहिलेले आहेत. जेथे खड्डे विरळ आहेत तेथे संगणकाचा नकाशाही डळमळीत असतो. कितीही रंग भरले तरी ही उणीव भरून निघत नाही. चास्लाव्स्कींच्या नकाशात जो दोष दोकुचायेव यांना दिसला, तो नव्या वेषात आपल्याही पुढे येऊ शकतो. पूर्वी लोक पत्रातल्या उत्तरावर विसंबत, आज पडद्यावरच्या रंगावर विसंबतील. दुष्काळाचे नियोजन, खतांचा सल्ला, पाणलोटाची कामे हे सर्व जर या नकाशांवरून ठरणार असेल, तर त्यांच्या खरेखोटेपणाची किंमत शेवटी शेतकऱ्यालाच मोजावी लागते.

विज्ञान, भूगोल किंवा कृषी या शाखांत शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांना संगणकाची ही नवी विद्या आत्मसात करावयाची आहे, त्यांनी ती अवश्य करावी. दोकुचायेव आज असते तर त्यांनीही ती आनंदाने हाती घेतली असती, यात शंका नाही. मात्र पडद्यावरच्या नकाशात आपल्या गावचा जो रंग दिसेल, तो खरा की खोटा हे पाहण्यासाठी एक दिवस कुदळ घेऊन शिवारात जावे आणि हातभर तरी खणून पाहावे. धर्मगुरूची निश्चिंत वाट सोडून आलेल्या त्या माणसाने जगाला दिलेले शास्त्र असेच, खणून पाहण्यातून उभे राहिले आहे.